राज्यस्तरीय खेळाडू ते शारीरिक शिक्षक : साठ मुलांच्या तासाची तयारी

बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आणि खो-खो राज्य पातळीवर खेळलेल्या एका छात्राध्यापकाने विचारलेला प्रश्न असा आहे : आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून करायच्या अध्यापनाच्या सरावात, आठवीच्या साठ मुलांचा पहिलाच तास घेताना वर्ग हातातून सुटला, खेळ उत्तम येत असूनही तो शिकवता आला नाही, मग शाळेत रुजू होण्यापूर्वी हातात असलेल्या काही महिन्यांत कशाची तयारी करावी, आणि महाविद्यालयात शिकवले जाते त्यापैकी शाळेत खरोखर काय उपयोगी पडते?

मी सहा वर्षे एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षक होतो आणि त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे भावी शारीरिक शिक्षकांचे सराव पाठ पाहण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. तुमचा वर्ग सुटला याचे कारण तुमचा आवाज किंवा तुमचा धाक कमी पडला हे नसावे. मुलांच्या हातापायांना काम कमी पडले असावे. रिकामे उभे राहिलेले मूल दंगा करणारच, आणि आपण ज्याला बेशिस्त म्हणतो तिच्यातील मोठा भाग हा पाठाच्या आखणीतील दोष असतो.

तुमचाच खेळ घेऊन हिशेब करू. प्रमाण मैदान आखून तुम्ही रीतसर सामना लावला, तर आठ मुले चौकोनांत बसतील, एक पाठलाग करील आणि तीन संरक्षक पळतील. म्हणजे साठांपैकी बारा जण मैदानात आणि अठ्ठेचाळीस बाहेर. त्या बारांतही प्रत्यक्ष धावणारे एका वेळी दोन-तीनच. बाहेरच्या अठ्ठेचाळीस मुलांनी वीस मिनिटे शांतपणे पाहत बसावे, अशी अपेक्षा कोणत्याही आठवीच्या वर्गाकडून ठेवता येत नाही. राज्य पातळीवर खेळलेल्या छात्राध्यापकाकडून ही चूक हमखास होते, कारण त्याच्या मनात खो-खो म्हणजे सामना असतो. त्याला एकेरी साखळी, हुलकावणी, आकाशीय सूर अशी सामन्यातली अवघड कौशल्ये शिकवण्याची घाई असते, आणि समोरच्या मुलांपैकी निम्म्यांना अजून एका ओळीत आलटून-पालटून विरुद्ध तोंडे करून बसणेही जमलेले नसते.

त्याऐवजी वर्गाचे दहा-दहाचे सहा गट करावेत. पाच-पाच मीटर अंतरावर सहा समांतर रेषा फक्कीने आखाव्यात आणि प्रत्येक रेषेवर दीड-दोन मीटर अंतराने सहा खुणा कराव्यात. खांब लागत नाहीत. सहा जण बसतील, एक पाठलाग करील, दोन पळतील आणि दहावे मूल पंच होईल. त्याने फक्त दोनच गोष्टी पाहायच्या : हाताचा स्पर्श पाठीमागून झाला का, आणि ‘खो’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला का. दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजली की जागा बदलायच्या. वीस मिनिटांत दहा पाळ्या होतात, म्हणजे प्रत्येक मूल गटातल्या प्रत्येक जागेवर एकदा येते, आणि एका वेळी दोन-तीनऐवजी अठरा मुले पायांवर असतात. अचूक बसण्याची, उठताना पुढच्या पायावर भार घेण्याची गोष्ट तुम्ही रेषांमधून फिरत प्रत्येक गटात सांगू शकता. खेळाडू म्हणून तुम्हाला जे येते ते इथे उपयोगी पडते : चुकीच्या पायाने उठणारा मुलगा तुम्हाला दहा मीटरवरून ओळखता येईल, खेळ न खेळलेल्या शिक्षकाला तो ओळखता येणार नाही. तुमचे कौशल्य वाया जात नाही, फक्त त्याची जागा बदलते. ते तुमच्या पायांतून निघून तुमच्या डोळ्यांत यायला हवे.

सराव पाठाचे निरीक्षण करताना मी एक पद्धत पाळतो. छात्राध्यापकाकडे न पाहता वर्गातील एकच मूल निवडतो, शक्यतो ओळीच्या शेवटी उभे राहिलेले, आणि पूर्ण तास स्टॉपवॉच घेऊन त्याच्याकडे पाहतो. ते हलले की घड्याळ चालू, थांबले की बंद. एकदा असाच एक मुलगा निवडला होता. पाठ बास्केटबॉलच्या ड्रिब्लिंगचा होता, दोन चेंडू होते, तीस-तीस मुलांच्या दोन रांगा होत्या. छात्राध्यापकाचे प्रात्यक्षिक देखणे होते, आदेश खणखणीत होते, टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. त्या मुलाची पाळी दोनदा आली. दुसऱ्या वेळी चेंडू त्याच्या पायाला लागून लांब गेला आणि तो आणायला धावण्यातच त्याचा सर्वांत जास्त वेळ गेला. पस्तीस मिनिटांच्या तासात त्या मुलाचे घड्याळ तीन मिनिटांच्या आतच थांबले. पाठानंतरच्या चर्चेत मी फक्त तो आकडा सांगितला. छात्राध्यापक बराच वेळ काही बोलला नाही, आणि पुढच्या पाठाला तो शाळेतील जुने रबरी चेंडू, व्हॉलीबॉल, फुटबॉल असे मिळतील ते सोळा चेंडू गोळा करून आला. ड्रिब्लिंग शिकायला बास्केटबॉलच लागतो असे नाही, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

तुम्हीही हेच करा. एखाद्या सहाध्याय्याला तुमच्या पाठाला बसवा आणि एका मुलाचा वेळ मोजायला सांगा. पाठ कसा झाला हे विचारू नका, आकडा विचारा.

पस्तीस मिनिटांचा तास म्हणजे पस्तीस मिनिटे कधीच मिळत नाहीत. घंटा झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरून वर्ग खाली येईपर्यंत चार-पाच मिनिटे जातात. साठ नावे पुकारून हजेरी घेतली तर आणखी तीन-चार मिनिटे गेली. शेवटची पाच मिनिटे पाणी पिऊन वर जाण्याची. म्हणून हजेरीसाठी प्रत्येक मुलाची मैदानावरची जागा पहिल्या आठवड्यातच ठरवून द्यावी. रिकामी जागा दिसली की गैरहजर कोण ते कळते. साहित्य तासाच्या आधी बाहेर काढलेले आणि मैदान आखलेले असावे. सुरुवातीच्या हालचाली मुख्य भागाशी जोडलेल्या असाव्यात. खो-खोच्या तासाला आधी दहा मिनिटे उभ्याने हात फिरवण्यात घालवण्यापेक्षा बसणे, उठणे, दिशा बदलणे यांचाच छोटा खेळ घ्यावा. उभे राहण्याची जागाही शिकण्याची गोष्ट आहे. ऊन मुलांच्या पाठीवर यावे आणि आपल्या डोळ्यांवर, वारा आपल्याकडून मुलांकडे वाहावा, आणि रस्ता किंवा शेजारच्या वर्गाचा तास मुलांच्या पाठीमागे राहावा. हे एवढे सांभाळले तरी निम्मे ओरडणे वाचते. शिट्टी जितकी कमी वाजेल तितकी तिला किंमत राहते.

महाविद्यालयात जे शिकवले जाते त्यातले उपयोगी काय, याचे उत्तर देताना थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडे शारीरिक शिक्षकाच्या तयारीची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. मुंबई इलाख्यात सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली, आणि पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ मध्ये आगाशे महाविद्यालय सुरू केले. या परंपरेत आखाड्याचा वारसा आहे आणि कवायतीचा, संचलनाचाही आहे. लेझीम, घुंगुरकाठी, डंबेल्स यांच्या सामूहिक कवायती आपल्याला इतक्या सवयीच्या आहेत की त्यांचे मोल लक्षात येत नाही. शंभर मुले एका ठेक्यावर एकाच वेळी हालतात, कोणीही रांगेत पाळीची वाट पाहत नाही, आणि ज्याला कोणताच खेळ जमत नाही असे मूलही त्यात सामावते. म्हणून लेझमाचे मूलभूत हात आणि आदेश देण्याचे तंत्र मनापासून शिकून घ्या. आदेशाचा सूचक भाग लांबवायचा, मध्ये क्षणभर थांबायचे आणि क्रियेचा भाग तोडून द्यायचा, हे ऐकायला सोपे वाटते. मध्ये थांबण्याचा तो क्षण साधायला काही महिने लागतात, आणि तो साधला नाही तर संपूर्ण पथक विस्कळीत होते.

मात्र याच परंपरेने एक सवयही लावली, ती म्हणजे शिक्षकाने समोर उभे राहायचे आणि सर्वांनी त्याच्यासारखे करायचे. कवायतीला ती चालते, खेळ शिकवायला ती पुरत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी.पी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. वाढलेल्या वर्षाचा खरा उपयोग शाळेत जास्त दिवस राहण्यासाठी आहे, असे माझे मत आहे. काही ठिकाणी आंतरवासिता म्हणजे ठरलेले पाठ उरकणे आणि वहीवर सह्या घेणे एवढ्यावर येते, याचे मला मनापासून दुःख होते. तुमच्या बाबतीत तसे होत असेल तर स्वतःहून शाळेत थांबा. परिपाठाला उभे राहा, मधल्या सुट्टीत मैदानावर फिरा, स्पर्धेला जाणाऱ्या संघाचे वयाचे दाखले आणि प्रवेशिका तयार करायला तेथील शिक्षकांना मदत करा. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग या क्रमाने पुढे जातात, आणि एका चुकलेल्या जन्मतारखेमुळे वर्षभर घाम गाळलेला संघ मैदानाबाहेर राहिलेला मी पाहिला आहे.

शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय परीक्षेपुरते वाचू नका. याचे कारण माझ्याच चुकीतून सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नववीच्या मुलांना हजार मीटर धावायला लावले होते. एक मुलगा सुरुवातीलाच म्हणाला, “सर, मला नको.” मला वाटले कंटाळा करतो आहे, आणि मी त्याला पळायला लावले. दुसऱ्या फेरीत तो खाली बसला. श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि ओठांचा रंग बदलू लागला होता. त्याला दमा होता. त्याचा इनहेलर दप्तरात होता आणि दप्तर दुसऱ्या मजल्यावर वर्गात होते. एक मित्र जिने चढून तो आणेपर्यंतचा वेळ मी त्याला पुढे झुकवून बसवून, पाठीला हात लावून काढला. तो वेळ मी आजही विसरलेलो नाही. मुलगा बरा झाला. त्या वर्षापासून मी जूनमध्येच प्रत्येक पालकाकडून एक चिठ्ठी भरून घेऊ लागलो : दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, जुने फ्रॅक्चर, नेहमीची औषधे. ज्या मुलांना इनहेलर लागतो त्यांनी तो मैदानावर माझ्याजवळ द्यायचा, हा नियम केला. तुम्ही हे पहिल्या आठवड्यात करा. सीपीआरचे (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायच्या प्रथमोपचाराचे) प्रात्यक्षिक पुतळ्यावर प्रत्यक्ष करून घ्या, पुस्तकातून वाचून ते येत नाही. मुरगळल्यावर चोळायचे नाही, बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, फिट आलेल्या मुलाच्या तोंडात काही घालायचे नाही आणि नाकाला कांदा-चप्पल लावायची नाही, हे मुलांनाही शिकवा, कारण अपघात होतो तेव्हा सर्वांत जवळ तेच असतात.

शिक्षेविषयी माझे म्हणणे ठाम आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे, ती आहेच. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. उशीर झाला म्हणून मैदानाच्या पाच फेऱ्या, गणवेश नाही म्हणून वीस उठाबशा, असे आपण करतो तेव्हा धावणे ही शिक्षा आहे हे आपणच मुलाला शिकवतो, आणि मग तेच मूल मोठेपणी धावत नाही म्हणून हळहळतो. गणिताचा शिक्षक शिक्षा म्हणून गणिते सोडवायला देतो तेव्हा आपल्याला ते खटकते. आपण आपल्या विषयाचे तेच करत असतो. दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांनी त्यांच्या वर्गातील दंगेखोर मुले फेऱ्या मारायला तुमच्याकडे पाठवली, तर नम्रपणे नकार द्या. शाळेतील शिस्तीचा शिपाई होण्याची वेळ नव्या शारीरिक शिक्षकावर पहिल्याच महिन्यात येते, आणि ती भूमिका एकदा अंगाला चिकटली की सहज सुटत नाही.

आता ज्या मुलांमुळे तुमच्या तासाचे खरे मोल ठरणार आहे त्यांच्याकडे येऊ. सातवी-आठवीपासून काही मुली भिंतीच्या सावलीत बसू लागतात. बऱ्याच शाळांत ही गोष्ट स्वाभाविक समजून सोडून दिली जाते. जरा जवळ जाऊन विचारले तर कारणे अगदी साधी असतात : ओढणी सांभाळत पळता येत नाही, पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नसते, मुले बाजूला उभी राहून हसतात. यांतली पहिली अडचण मुख्याध्यापकांशी बोलून खेळाच्या दिवसाचा गणवेश ठरवून सुटते, दुसरीसाठी पाठपुरावा करावा लागतो, आणि तिसरी तुमच्या आखणीने सुटते, कारण सगळ्यांच्याच हातात काम असेल तर बाजूला उभे राहून हसायला कोणी उरत नाही. पाळीच्या दिवशी खेळायचे की नाही हे मुलीने ठरवावे. कारण सर्वांसमोर विचारू नये. जिम्नॅस्टिक्समध्ये आधार देताना हात कुठे लावणार हे आधी सांगावे आणि दाखवावे, मुलींना आधार देण्यासाठी प्रशिक्षित मुलींच्या जोड्या किंवा शिक्षिका असाव्यात, आणि मुलींचा संघ बाहेरगावी जाताना सोबत शिक्षिका असल्याशिवाय बस हलू नये. यात मुलींचे संरक्षण आहे आणि तुमचेही आहे.

अपंगत्व असलेल्या मुलाला गुणलेखक म्हणून खुर्चीवर बसवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. माझ्या एका छात्राध्यापिकेच्या वर्गात अत्यंत कमी दिसणारी एक मुलगी होती. त्या छात्राध्यापिकेने फुटबॉलला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली; चेंडू घरंगळला की पिशवीचा चुरचुर आवाज येई आणि मुलगी त्या आवाजाच्या दिशेने पाय टाकी. पुढे तिने संपूर्ण वर्गाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून तोच खेळ घेतला, आणि त्या दिवशी सर्वांत कमी चुका त्या मुलीच्या झाल्या. याला खर्च एका पिशवीचा होता.

क्षमता चाचण्यांचेही असेच आहे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेतील चाचणीत लहान वर्गांसाठी फ्लेमिंगो बॅलन्स (एका पायावर तोल सांभाळणे) आणि प्लेट टॅपिंग (दोन तबकड्यांना हाताने झटपट आलटून-पालटून स्पर्श करणे), मोठ्यांसाठी पन्नास मीटर धाव, सहाशे मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाचे आणि दंडांचे व्यायाम, आणि सर्वांसाठी उंची-वजनावरून काढलेला बीएमआय असतो. चाचणी घेणे अवघड नाही. अवघड आहे ते तिचा मुलाला उपयोग होईल असे पाहणे. वजन मोठ्याने वाचून दुसऱ्याला लिहायला सांगणे ताबडतोब थांबवावे. एका वेळी एकच मूल, आणि आकडा फक्त त्याला आणि तुम्हाला कळावा. जुलैतला आणि जानेवारीतला आकडा शेजारी-शेजारी लिहून मुलाला दाखवावा. शेजारच्या मुलाशी तुलना करायला परीक्षा पुष्कळ आहेत.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, जून ते सप्टेंबर मैदान मिळत नाही. बाकांमधल्या जागेत, व्हरांड्यात करता येतील असे किमान वीस तासांचे टाचण आताच लिहून ठेवा, नाहीतर तुमचा तास गणिताला जाईल आणि एकदा गेलेला तास हक्काने परत मागता येत नाही. प्राथमिक शाळेशी संबंध ठेवा : पहिली ते चौथीला वेगळा शारीरिक शिक्षक बहुधा नसतो, वर्गशिक्षकच हा तास घेतात, आणि शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातही सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून जास्त मुले असतील तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. धावणे, उडी, झेल, फेक या मूलभूत हालचाली कच्च्या राहिलेली मुले तुमच्याकडे पाचवीत, आठवीत येणार आहेत. आठवीचा मुलगा चेंडू झेलताना डोळे मिटतो तेव्हा त्याला क्रिकेट शिकवण्याआधी मोठा, मऊ चेंडू देऊन दोन पायऱ्या मागे यावे लागते, आणि त्यात कमीपणा नाही. भरतीच्या परीक्षेची तयारी तुम्ही करणारच आहात, तिच्याबद्दल इथे लिहीत नाही.

शेवटी, पुढच्या आठवड्यात त्याच आठवीच्या वर्गावर तुमचा तास असेल. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मैदान पायी फिरा. दगड, काचा, उघडे खिळे, नळाजवळचा चिखल पाहून घ्या. सहा रेषा कुठे येतील ते पावलांनी मोजा. सहा गटांचे सहा नायक आधीच निवडा आणि त्यात ज्याने मागच्या तासाला सर्वांत जास्त दंगा केला तो मुलगा असू द्या. तास संपल्यावर टाचणाच्या मागच्या पानावर त्या दिवशी ज्यांची पाळी आली नाही किंवा ज्यांच्याशी तुमचे एकदाही बोलणे झाले नाही अशा मुलांची नावे लिहा. सुरुवातीला ती नावेच तुम्हाला आठवणार नाहीत, कारण तुमचे लक्ष त्यांच्याकडे गेलेलेच नसेल. तेव्हा वर्गाचा हजेरीपट घेऊन बसा आणि एकेका नावापुढे तो चेहरा आठवतो का ते पाहा. पुढच्या तासाला मैदानावर उतरल्यावर पहिल्यांदा त्या मुलांकडे जा.